आजारी लेकराच्या घरी जाणारा सोबती

गावात एखादे मूल दीर्घकाळ अंथरुणास खिळले म्हणजे त्या घराकडे दोन प्रकारचे लोक जातात. पहिले एकदाच जातात, हळहळतात व पुन्हा फिरकत नाहीत. कारण तेथे काय बोलावे हे त्यांस कळत नाही. दुसरे वारंवार जातात, आणि दर खेपेस एखादे नवे औषध, नवा वैद्य किंवा नवे भाकीत घेऊन जातात. दोघांच्याही मनात माया असते, ह्याविषयी शंका नाही. परंतु त्या घरच्या आईस विचारले, तर ती सांगेल की, पहिल्यांच्या न येण्याने जितके दुःख झाले तितकाच दुसऱ्यांच्या येण्याने शीण झाला. म्हणून ह्या पाठात आपणांस विचार करावयाचा आहे तो मायेचा नव्हे, शिक्षणाचा. अतिशय आजारी मुलास व त्याच्या घरच्यांस आधार देण्याचे काम गावातील साध्या माणसास करता येते. पण ते शिकावे लागते.

प्रथम कोणत्या मुलांविषयी आपण बोलत आहोत हे स्पष्ट करू. रक्ताचा कर्करोग झालेले मूल; थॅलॅसेमियामुळे दर दोन ते चार आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त घ्यावे लागणारे मूल; विदर्भात व नंदुरबारकडील आदिवासी भागांत ज्याचे रोगी पुष्कळ आढळतात त्या सिकल सेलच्या आजाराने हातापायांच्या असह्य कळा सोसणारे मूल; धावता धावता पडू लागलेला व पुढे स्नायू क्षीण होऊन चाकांच्या खुर्चीत बसलेला मुलगा; जन्माच्या वेळी मेंदूस इजा झाल्यामुळे मान न धरणारे व घास न गिळता येणारे मूल. ही सर्व मुले मरणाच्या दारी आहेत असे समजणे ही पहिली चूक होय. यांतील कित्येक पुष्कळ वर्षे जगतात. मुलांत सर्वांत अधिक आढळणारा जो रक्ताचा कर्करोग, तो तर दोन-तीन वर्षांचा उपचार नेटाने पुरा केल्यास बहुसंख्य मुलांत बरा होऊ शकतो. आपल्या देशात त्याने मुले दगावतात त्याचे एक मोठे कारण असे की, पैसा संपला, शेताची कामे आली, दोन महिन्यांत मूल बरे दिसू लागले, अथवा कोणी पाहुण्याने दुसराच मार्ग सुचविला, म्हणून उपचार मध्येच सोडून दिला जातो. अशा घरी योग्य वेळी गेलेला शेजारी म्हणजे केवळ सांत्वन करणारा नव्हे. त्याच्या जाण्यायेण्यावर कधीकधी मुलाचा जीवच अवलंबून असतो.

डॉक्टर ज्यास पॅलिएटिव्ह केअर म्हणतात व मराठीत ज्यास उपशामक शुश्रूषा हे नाव मिळाले आहे, तिच्याविषयीही असाच गैरसमज आहे. उपाय हरले म्हणजे ती सुरू करावयाची, असे लोक समजतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली मुलांच्या बाबतीत तिची जी व्याख्या केली, तीत मुलाचे शरीर, मन व आत्मा ह्या तिहींची काळजी व त्याबरोबरच कुटुंबास आधार, असा तिचा अर्थ सांगितला आहे. आणि रोगाचे निदान होते त्याच दिवशी ती सुरू व्हावी, रोगावरचा उपचार चालू असो वा नसो, असेही म्हटले आहे. म्हणजे बरे करण्याचे काम व त्रास कमी करण्याचे काम ही एकाच गाडीची दोन चाके होत.

ह्या सेवेचा इतिहास थोडक्यात सांगतो. लंडन येथे सिसिली साँडर्स नामक बाईंनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स ही संस्था उघडली. केवळ मुलांसाठी असे पहिले गृह ऑक्सफर्ड येथे १९८२ साली निघाले. हेलन नावाच्या एका लहान आजारी मुलीच्या नावावरून त्यास हेलन हाऊस म्हणतात. आपल्या देशात मुंबईस वांद्रे येथे १९८६ साली शांती अवेदना सदन निघाले. परंतु खेड्यातील माणसास ह्या इमारतींचा उपयोग किती? आणि मुलास तर इमारत नकोच असते. त्यास आपले घर, आपली गोधडी, आपली शेळी व आपली भावंडे हवी असतात. म्हणून आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट घडली ती केरळात.

कोझिकोड येथे १९९३ साली काही डॉक्टरांनी व त्यांच्या मित्रांनी मिळून असाध्य दुखण्याच्या रोग्यांसाठी एक संस्था काढली. लवकरच त्यांच्या ध्यानात आले की, रोगी दवाखान्यात घटकाभर असतो व उरलेला सारा काळ घरी असतो. आणि त्याची अर्धीअधिक दुःखे अशी असतात की, त्यांवर डॉक्टरांपाशी औषध नाही. भाडे थकले आहे, मुलांची शाळा सुटली आहे, बायको रात्रभर जागते, कोणी बोलावयास येत नाही. तेव्हा मलप्पुरम व आसपासच्या जिल्ह्यांत त्यांनी शेजाऱ्यांसच शिकवून तयार करण्याचा मार्ग धरला. आठवड्यातून निदान दोन तास जो देऊ शकेल त्याची निवड करावयाची. त्यास सोळा तासांचे शिक्षण, तेही व्याख्यानाने नव्हे तर प्रश्नोत्तरांनी व प्रत्यक्ष करून घेऊन द्यावयाचे. मग चार दिवस अनुभवी माणसांबरोबर रोग्यांकडे न्यावयाचे. शेवटी परीक्षा घ्यावयाची. आणि उत्तीर्ण झालेल्या दहा-पंधरा जणांचा एक गट करून त्यांच्याच भागातील रोगी त्यांस शोधावयास लावावयाचे. शिक्षक, हमाल, विद्यार्थी, घरी बसलेल्या गृहिणी असे सर्व थरांतील लोक यात आले. पुढे २००८ साली केरळ सरकारने ह्या सेवेविषयी आपले धोरण जाहीर केले व ग्रामपंचायतींस त्यात वाटा दिला.

सोळा तास व चार दिवस! एखाद्या गावच्या भजनी मंडळाची तयारीसुद्धा याहून अधिक दिवस चालते. तेव्हा वेळ नाही ही सबब टिकणारी नाही. तथापि केरळातील बहुतेक रोगी वयाने मोठे होते, आणि मोठ्या माणसासाठी शिकलेली विद्या मुलास जशीच्या तशी लागू पडत नाही. मुलांचा विचार वेगळा झाला पाहिजे, ह्या जाणिवेने महाराष्ट्रात २०१० पासून मुलांच्या उपशामक शुश्रूषेचा एक प्रकल्प काही वर्षे चालला, व त्याचे एक केंद्र जव्हारसारख्या डोंगरी आदिवासी भागात होते. मुलाच्या बाबतीत वेगळे काय शिकावयाचे, ते आता पाहू.

पहिली गोष्ट वेदना ओळखण्याची. मोठा माणूस कण्हतो व सांगतो. मूल दोन दिवस रडते. रडून काही होत नाही असे दिसले म्हणजे गप्प होते. पुष्कळ दिवस वेदना सोसणारे मूल निपचित पडून राहते, खेळण्याकडे पाहत नाही, कोणी उचलावयास आले की अंग आखडून घेते. बघणारे म्हणतात, “किती शहाणं बाळ आहे, मुळीच त्रास देत नाही.” शिकलेल्या सोबत्याने नेमके ह्या शहाणपणास भ्यावे! ज्यास अद्याप बोलता येत नाही अशा बाळाच्या बाबतीत पाच गोष्टी पाहावयास शिकवितात: चेहरा आक्रसला आहे काय, पाय ताठ आहेत काय अथवा तो ते झाडतो काय, अंगाची हालचाल कशी आहे, रडणे कसे आहे, आणि आईने जवळ घेतल्यावर तो शांत होतो की नाही. शेवटची गोष्ट आईइतकी कोणासच कळत नाही. म्हणून आई म्हणाली की, आज हा नेहमीसारखा नाही, तर तिचा शब्द प्रमाण मानावा.

सुमारे तीन वर्षांपुढील मुलास स्वतःच सांगता येते, मात्र विचारणाऱ्यास विचारता आले पाहिजे. अमेरिकेतील डोना वाँग व कॉनी बेकर ह्या दोघींनी १९८० च्या दशकात सहा चेहऱ्यांची एक चित्रपट्टी तयार केली. पहिला चेहरा हसरा व शेवटचा आसवे गाळणारा. मुलाने आपल्या दुखण्याचा चेहरा बोटाने दाखवावयाचा. तेथे एक सावधगिरी अवश्य आहे: “तुझा चेहरा कसा आहे?” असे विचारू नये, “तुला किती दुखतंय?” असे विचारावे, नाही तर आज मित्र खेळावयास आला नाही म्हणून खिन्न झालेले मूल रडका चेहरा दाखवील. चित्र नसेल तर चार चिंचोके पुढे ठेवून “ह्यांतले किती चिंचोके दुखतंय?” असे विचारले तरी चालते. जे उत्तर मिळेल ते वहीत तारीख व वेळ घालून लिहावे. पुढच्या खेपेस डॉक्टरांपुढे ती वही ठेवली, तर “फार त्रास होतो हो” ह्या मोघम बोलण्यापेक्षा तिचे वजन अधिक पडते.

औषध ठरविणे हे सोबत्याचे काम नव्हे. परंतु दिलेले औषध कसे घेतले जाते हे पाहणे हे त्याचेच काम आहे. तीव्र वेदनेवर डॉक्टर मॉर्फीन देतात. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने ते आपल्या देशात इतके दुर्मिळ झाले होते की, दवाखानेही ते ठेवण्यास कचरत. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट पुष्कळ मोकळी झाली. कायदा बदलला, तरी मनातील भीती आहेच. हे दिले म्हणजे शेवट आला, अथवा मुलास व्यसन लागेल, असे समजून आजी ती बाटली कोनाड्यात मागे सारून ठेवते. तिच्याशी वाद घालू नये. योग्य मात्रेत दिलेल्या ह्या औषधाने आयुष्य कमी होत नाही, आणि वेदनेसाठी घेतलेले औषध हे व्यसन नव्हे, हे डॉक्टरांच्या किंवा परिचारिकेच्या तोंडून तिच्या कानी पडेल अशी व्यवस्था करावी. औषध घड्याळाप्रमाणे द्यावयाचे असते, दुखू लागल्यावर नव्हे. ते एकदम बंद करावयाचे नसते. आणि त्याने शौचास खडा होतो, म्हणून त्यावरचे दुसरे औषध मिळाले आहे की नाही हे विचारावे. एवढे तीन मुद्दे ज्यास पाठ आहेत तो एका रात्रीत घराची दशा पालटू शकतो.

काही प्रसंगी मात्र क्षणाचाही विलंब नको. कर्करोगाची औषधे चालू असलेल्या मुलास अथवा सिकल सेलच्या मुलास ताप आला, तर घरातली गोळी देऊन सकाळपर्यंत वाट पाहणे घातक होय. त्याच वेळी रुग्णालय गाठावे. म्हणून पहिल्याच भेटीत रात्री कोणाचे वाहन मिळेल, कोणास हाक मारावयाची, कागदपत्रांची पिशवी कोठे टांगलेली आहे, हे ठरवून घ्यावे. सिकल सेलच्या मुलास थंडी, तहान व अतिश्रम यांपासून जपावे, पाणी वरचेवर द्यावे, कळ आलेल्या जागी ऊबदार कापड धरावे. बर्फ लावू नये. मुलास ॲस्पिरिन आपल्या मनाने कधीही देऊ नये.

आता सर्वांत कठीण भागाकडे वळू. मुलास काय सांगावे? आपल्याकडे सर्वसाधारण समजूत अशी की, मुलास काही कळत नाही व कळू देऊ नये. मायरा ब्लूबाँड-लँगनर ह्या अमेरिकन विदुषींनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांमध्ये दीर्घकाळ राहून १९७८ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात असे दिसून आले की, कोणी न सांगताही ह्या मुलांस आपल्या आजाराचे स्वरूप व आपण मरणार हेही कळले होते. मोठ्यांचे दबके बोलणे, आईचे सुजलेले डोळे, शेजारच्या खाटेवरील मुलगा परत न येणे, एवढे त्यांस पुरे होते. इतकेच नव्हे, आईबापांस वाईट वाटू नये म्हणून मुलेच काही ठाऊक नसल्याचे सोंग घेत होती. म्हणजे एका घरात सर्वांस ठाऊक, आणि प्रत्येक जण एकटा!

स्वीडन देशात कर्करोगाने मूल गमावलेल्या आईबापांची जी पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली, तिचे आकडे विचार करण्याजोगे आहेत. आपल्या मुलाशी मृत्यूविषयी बोललेले १४७ आईबाप होते. त्यांतील एकासही बोलल्याचा पश्चात्ताप झाला नव्हता. न बोललेले २५८ होते. त्यांतील ६९ जणांस पुढे आपण बोलावयास हवे होते असे वाटले. स्वीडनची रीत वेगळी व आपली वेगळी, हे खरे; आणि न बोललेल्यांपैकी बहुतेकांस खेद नव्हता हेही त्याच आकड्यांत आहे. म्हणून सोबत्याने कोणावर बळजबरी करू नये. आईबापांच्या संमतीवाचून मुलास रोगाचे नाव किंवा भविष्य सांगणे हे त्याचे काम मुळीच नव्हे. पण खोटे बोलणे हेही त्याचे काम नव्हे. समजा, आई पाणी आणावयास गेली असता नऊ वर्षांच्या मुलाने विचारले, “काका, मी बरा होणार का?” तर “होणार तर! दिवाळीत फटाके उडवशील” असे म्हणून पळ काढू नये. जवळ बसावे व “तुला काय वाटतं?” अथवा “आज हे मनात का आलं रे?” असे विचारावे. कधी असे निघते की, त्यास मरणाची नव्हे, उद्याच्या सुईची भीती वाटते. कधी आपण नसलो तर आपले कुत्रे कोण सांभाळील ही चिंता असते. आणि कधी तो खरोखर तेच विचारीत असतो, मग “मला ठाऊक नाही, पण तू विचारलंस हे बरं केलंस, आईशी व डॉक्टरांशी आपण बोलू या” असे म्हणावे व तसे करावे.

शिक्षणवर्गात ह्या एका प्रश्नाचा सराव करून घ्यावा. ज्याने घरी बसून ह्याचे उत्तर कधी उच्चारले नाही, त्याच्या तोंडून ऐन वेळी फटाकेच निघतात.

कुटुंबाकडे पाहू लागले म्हणजे प्रथम आई दिसते; तिच्यासाठी उपदेशापेक्षा दोन तासांची झोप अधिक मोलाची. “काही लागलं तर सांगा” हे वाक्य सोबत्याने आपल्या कोशातून काढून टाकावे. त्या घरी कोणी सांगत नसते. “मंगळवारी दुपारी दोन ते चार मी बसतो, तुम्ही निजा” असे म्हणावे व मंगळवारी दोन वाजता दारात असावे. बाप बहुधा घराबाहेर असतो व त्यास निर्दय समजले जाते. तो कर्जाच्या व प्रवासाच्या काळजीत असतो, आणि त्याच्याशी बोलावयाचे तर पारावर किंवा बांधावर जाऊन बोलावे लागते. सर्वांच्या दृष्टीआड होतात ती भावंडे. त्यांस मावशीकडे धाडले जाते, त्यांचे पुस्तक फाटले तरी कोणाचे लक्ष नसते. आणि लहान वयात कित्येकांस वाटते की, मी भांडलो, मी त्याला ढकलले, म्हणून तो आजारी पडला. हे तुझ्यामुळे झाले नाही, असे त्यांस स्पष्ट शब्दांत व एकाहून अधिक वेळा सांगितले पाहिजे.

सरकारदरबारीचे कामही शिकण्यासारखे आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात थॅलॅसेमिया, सिकल सेल, स्नायुक्षय व सेरेब्रल पाल्सी ह्यांचा समावेश झाला आहे. सबब प्रमाणपत्र काढून घ्यावे. महात्मा जोतिराव फुले ह्यांच्या नावाची राज्याची आरोग्य योजना आहे. कर्करोगाच्या व थॅलॅसेमियाच्या रोग्यांस रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे. मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयात मूल न्यावयाचे झाल्यास राहावयाचे कोठे, हा प्रश्न उपचाराइतकाच बिकट असतो. अशा मुलांच्या कुटुंबांस विनामूल्य जागा देणारी सेंट ज्यूड्ससारखी संस्था तेथे २००६ पासून आहे. रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे चौकशी करावी. ज्यास अर्ज लिहिता येतो त्याने हे काम घ्यावे. ज्यास येत नाही त्याने गुरांस चारा घालावा. दोन्ही सारखीच मोलाची आहेत.

काय करू नये ह्याविषयी थोडे. त्या घरात जे पाहिले ऐकले ते पारावर बोलू नये; गावात गुपित राखणे शहरापेक्षा शतपट कठीण आहे. मुलाची छायाचित्रे काढून फिरवू नयेत. दुसऱ्या कोणाचे मूल ह्याच रोगाने कसे गेले ती हकीगत सांगू नये. आणि हे कोणाच्या पापाचे फळ, हा प्रश्न तोंडाने तर नाहीच, नजरेनेही विचारू नये. मग तो कर्माच्या भाषेत असो वा आपल्या भाषेत. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर त्यांचे सर्व ठीक होते. घरच्यांनी प्रार्थना करावयास सांगितली तर करावी. न सांगता तिचा भार त्यांच्यावर घालू नये. सेवेच्या निमित्ताने कोणाचा धर्म चाचपडणे हे तर विश्वासघातच होय.

नेहमी दोघांनी जावे, एकट्याने मुलाजवळ बंद खोलीत बसू नये. ह्यात मुलाचे रक्षण आहे व सोबत्याचेही. महिन्यातून एकदा गटाने परिचारिकेसह एकत्र बसून वह्या वाचाव्यात व ज्याच्या मनावर ओझे झाले असेल त्यास बोलू द्यावे. ज्याच्या स्वतःच्या घरी नुकतेच मूल गेले आहे त्यास ह्या कामावर लगेच घेऊ नये, तो कितीही आग्रह धरो.

मूल गेले तर भेटी बंद होऊ नयेत. तेराव्या दिवसानंतर किंवा स्मरणसभेनंतर मांडव निघतो आणि घर एकाएकी रिकामे होते. पहिले तीन महिने व पहिला वाढदिवस फार जड जातात. त्या दिवशी जावे, व मुलाचे नाव घ्यावे. नाव घेतल्याने आई रडेल. पण सारे गाव ते नाव टाळीत असते, म्हणून ते कोणाच्या तरी तोंडून ऐकण्यास ती आतुर झालेली असते.

अभ्यासासाठी: हा पाठ एकत्र वाचणाऱ्यांनी पुढील सभेत असे करून पाहावे. दोघांनी समोरासमोर बसावे. एकाने आजारी मुलाची आई व्हावे, दुसऱ्याने सोबती. पाच मिनिटे सोबत्याने कोणताही सल्ला देऊ नये, स्वतःची एकही हकीगत सांगू नये, “धीर धरा” म्हणू नये. केवळ ऐकावे व हवे तर दोन प्रश्न विचारावे. नंतर त्याने काय ऐकले ते वहीत लिहून मोठ्याने वाचावे, आणि आई झालेल्याने त्यातून काय सुटले ते सांगावे. मग जागा बदलाव्यात.